भुईबावड्यातून खाली, फोंड्यातून वर

सायकलवरून एका घाटाने कोकणात उतरणार आणि दुसऱ्या घाटाने वर येणार, असं सांगितलं की कोल्हापुरात "कशाला?" असं कोणी विचारत नाही. "जेवायला कुठं थांबणार?" असं विचारतात. मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. चढ, टायर, हवा, पाऊस हे सगळं नंतर बघता येतं. पण या खेपेला त्याचं उत्तर माझ्या हातात नव्हतं, कारण बरोबर भरत होता.

भरत मगदूम जयसिंगपूरचा. बी-बियाण्यांचं दुकान, डोक्यावर टक्कल, आणि त्या टकलावर आता हेल्मेट. आम्ही आयटीआयला एका बाकावर होतो. पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी दोघांनाही पोट कमी करायला सांगितलं, म्हणून दोघांनी बारीक टायरच्या सायकली घेतल्या. जयसिंगपुरात चढ म्हणजे रेल्वेचा पूल, त्यामुळे घाटाची हौस त्याला माझ्यापेक्षा जास्त. आणि भरत जैन आहे. सूर्य बुडाला की अन्न बंद. पाणी चालतं, बाकी काही नाही. आमच्या भागात ह्यात नवल नाही, शिरोळकडे गल्लीगल्लीत अशी माणसं आहेत. पण ज्याची भूक दिवे लागल्यावरच जागी होते अशा माझ्यासारख्याला त्याच्याबरोबर तीन दिवस काढायचे म्हणजे शिक्षाच. सहलीचं वेळापत्रक आपल्याकडे राहत नाही, ते सूर्याकडे जातं.

माझ्याबद्दलही दोन गोष्टी सांगून टाकतो, पुढे उपयोगी पडतील. मी पाण्याच्या जळालेल्या मोटरी रिवाइंड करून देतो. "उद्या संध्याकाळी या, तयार असंल" हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की माझ्या तोंडच्या "उद्या"वर आता गिऱ्हाईकच काय, बायकोही विश्वास ठेवत नाही. आणि दुसरं, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. गल्लीत कोणाचं लग्न मोडलं तर मुलीच्या मामाच्या आधी मला कळतं, आणि माझ्यानंतर सगळ्यांना.

रंकाळा ते गगनबावडा

थंडीचे दिवस, उसाचा हंगाम. पहाटे रंकाळ्यावरून निघालो तेव्हा तलावावर धुकं होतं आणि फिरायला आलेली मंडळी आमच्या चड्ड्यांकडे बघत होती. सायकलच्या चड्डीला आतून गादी असते. ती घालून सायकलवर बसलं की सुख, खाली उतरून चाललं की माणूस नुकता मोटारसायकलवरून पडल्यासारखा चालतो. कळ्याला मिसळ खायला उतरलो तर हॉटेलातल्या एका म्हाताऱ्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पावणं, कुठनं आलासा?"

"कोल्हापूरनं."

"एस्टी बंद हाय व्हय आज?"

"न्हाय, चालू हाय की."

"मग?" एवढंच म्हणून तो आमच्या उत्तराची वाट बघत बसला. भरतने मिसळीचा कट परत मागवला आणि मी पाव.

कळ्याच्या पुढे कुंभी नदी रस्त्याच्या कडेकडेने येते. दोन्ही बाजूंना डोंगर जवळ सरकत जातात, उसाचे पट्टे अरुंद होतात आणि भातखाचरं सुरू होतात. समोरून उसाचे ट्रॅक्टर येत होते, मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एवढे मोठे स्पीकर की गाणं आधी पोचायचं आणि ट्रॅक्टर नंतर. एका ड्रायव्हरने चालू गाडीतून हात बाहेर काढून मला "दाब की, दाब!" असं ओरडून सांगितलं. मी दाबतच होतो. मागे वळून बघितलं तर भरत शांतपणे, एका लयीत, लहान गिअरवर येत होता. तो सायकल दुकान चालवल्यासारखी चालवतो, घाई नाही आणि उधारी नाही.

गगनबावड्याला चहा घेतला. गार वारा सुटला होता. तिथून रस्ता एकदम कड्याच्या टोकावर जातो आणि खाली कोकण दिसतं. मी सायकल दगडाला टेकवून उभी केली. डोंगराच्या घळी एकामागून एक खाली उतरत गेलेल्या, त्यांच्या तळाशी नदीची चमकणारी रेघ, आणि त्यापलीकडे निळसर धूर. भरत म्हणाला, "लेका, हे सगळं आपल्या गावाजवळ होतं आन् आपण लग्नांत जेवत बसलो." मी म्हणालो, जेवण काही वाया गेलं नाही.

भुईबावडा घाट उतरताना पाय मोकळे आणि हात कामाला. रस्ता अरुंद, वळणं जवळजवळ, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली. एका वळणावर समोरून आलेल्या एस्टीच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून आम्हाला आधी जाऊ दिलं. कोल्हापूरच्या बाजूला असं कधी घडलेलं नाही, तेव्हाच समजलो की आपण कोकणात आलो.

वैभववाडीकडे, नदीकाठी

कोकणातलं पहिलं जेवण वैभववाडीत झालं, सूर्य वर असताना, भरतच्या हिशेबाने. माझ्या हिशेबाने ती चहाची वेळ होती. डाळ-भात, सोलकढी, तांदळाची भाकरी. मी भाजी चाखली आणि मालकाला विचारलं की तिखट वेगळं ठेवता का. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "घातलाय ना." आमच्याकडे एवढ्या तिखटाला दूधभात म्हणतात. दिवेलागणीनंतर मला पुन्हा भूक लागली तेव्हा भरत खोलीत पाणी पीत बसला आणि मी एकटाच मासे खायला गेलो. एकट्याने मासे खाण्यात मजा नाही. काटा घशात अडकला तर सांगायला कोणी नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोंड्याच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता सह्याद्रीच्या पायथ्यापायथ्याने जातो, चढ-उतार, चढ-उतार, डाव्या हाताला सगळा वेळ डोंगराची भिंत. एका पुलाखाली नदी होती, घळीतून खाली आलेली, थंड आणि तळ दिसेल इतकी स्वच्छ. आम्ही बूट काढून पाय पाण्यात सोडून बसलो. मी त्याची कळ काढली.

"फोंडा घाट मोठा हाय. वर पोचायच्या आत दिवस मावळला तर? एक दिवस खा की गपचूप. कोण बघाय येतंय?"

भरत एरवी हसून सोडून देतो. त्या दिवशी हसला नाही. पाण्यातले पाय बघत म्हणाला, "मुनी म्हाराजांच्या समोर नियम घेतला असं मी सगळ्यास्नी सांगतो. खोटं हाय ते."

मी पाय पाण्याबाहेर घेतले. तो बायकोबद्दल, शोभावहिनींबद्दल सांगायला लागला.

"शोभाचं पोटाचं ऑपरेशन झालंतं, आठवतंय? आत बिघडलं. डॉक्टर म्हणालं, आजची रात जाऊ दे, मग बोलू. बाहेर बाकावर बसलोतो. कुणीतरी हातात वडा दिला. खिडकीतनं बघितलं तर दिवस मावळलेला. आमच्यात रातीचं खात न्हाईत, पण मी कुठं पाळत होतो? तुझ्यासंगट किती भजी हाणलीयात. त्या दिवशी मात्र त्यो वडा तोंडाकडं न्यावंना. तसाच ठिवला. सकाळी तिनं डोळं उघडलं आन् च्या मागितला."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी सांजला जेवाय बसलो तर हात उचलंना. म्हटलं, काल न खाल्ल्यानं झालं आसंल तर? तिसऱ्या दिवशी पण तसंच. आता इतकी वर्सं झाली."

"भरत, खरंच त्यानं झालं असं वाटतंय तुला?"

"न्हाय. औषधानं झालं. मी काय खुळा हाय? बियाणं इकतो मी, नवस न्हाय." मग म्हणाला, "पण एकदा खाऊन बघू, काय हुतंय ते, एवढं धाडस न्हाय माझ्यात."

हे मात्र मला लगेच कळलं. माझ्या धंद्यात अशा मोटरी येतात. जुनी, गंजलेली, कशावर चालते देव जाणे, पण पाणी उपसते. शेतकरी म्हणतो, जरा उघडून बघा. मी सांगतो, चालतीय तोवर हात लावू नका. मी भरतला तेच सांगितलं. त्याला ते पटलं असावं, कारण त्याने माझ्या पाठीत गुद्दा घातला.

"वहिनींना माहीत हाय?"

"न्हाय. आन् कळता कामा न्हाय. कळलं तर रोज सांजला माझ्या तोंडाकडं बघत बसंल. तसं जेवण नको मला. तू कुठं बोलू नको."

मी बोलणार नाही म्हणालो. त्यावर तो इतका हसला की पाण्यात पडता पडता राहिला.

फोंडा घाट

फोंड्याच्या बाजारात दुपारी पोचलो. आता जे झालं ती चूक फक्त कोल्हापूरचा माणूसच करू शकतो. खानावळीच्या बाईंनी मटण आहे म्हणून सांगितलं. मी विचारलं, "तांबडा-पांढरा रस्सा?" त्या म्हणाल्या, "तो काय असता?" एवढं ऐकल्यावर कोल्हापूरकराला खुर्चीत बसवत नाही. मी थेट स्वयंपाकघरात गेलो. पांढऱ्याला खोबऱ्याचं दूध कसं काढायचं, तीळ-खसखस किती, तांबड्यावर तवंग कसा आला पाहिजे, सगळं उभ्याने शिकवलं. बाई समजूतदार होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्यात बायकांका स्वयंपाक येत नाय काय?" भरतचं तोवर वरण-भात जेवून, हात धुऊन, दोन वेळा घड्याळ बघून झालं होतं. रस्सा बरा झाला होता. मी तीन वाट्या प्यालो.

मटण खाल्ल्यावर आडवं व्हावं लागतं, हा शरीराचा धर्म आहे. घाट सुरू झाल्यावर थोड्याच अंतरावर झाडाखाली एक लहान देऊळ लागलं. भरतच्या मागच्या चाकाची हवा कमी वाटत होती. तो ट्यूब बघायला सायकल उलटी करून बसला आणि मला म्हणाला, "पिशवीवर ध्यान ठेव." पिशवीत शोभावहिनींनी दिलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या, केळी होती, राजगिऱ्याचे लाडू होते. त्याचं संध्याकाळचं जेवण तेच. मी पिशवी उशाला घेतली आणि ध्यान ठेवायला डोळे मिटले.

डोळे उघडले ते भरतच्या ओरडण्याने. माकडांची अख्खी टोळी झाडावर बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. एक म्हातारं माकड लाडू फोडून राजगिरा वेगळा करून खात होतं. भरत माझ्याकडे बघत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण तो शिव्या देत नाही, ही त्याची वाईट सवय आहे.

"घाटात टपऱ्या हाईत की," मी म्हणालो. "गरम भजी मिळंल, उसळ मिळंल. दिवस मावळायच्या आत जेवशील." हे मी ज्या आवाजात म्हणालो त्याच आवाजात मी "उद्या संध्याकाळी या" म्हणतो. भरतला तो आवाज ओळखीचा आहे.

पहिली टपरी बंद. दुसरीला ताडपत्री बांधलेली. चढ संपेना. फोंडा घाट उभा नाही, पण लांब आहे. एक वळण संपलं की पुढचं दिसतं आणि वाटतं, हेच शेवटचं. सूर्य मागे, कोकणाच्या बाजूला उतरत होता. डोंगराच्या तोंडावर असलो की पाठीवर ऊन, घळीत वळलो की एकदम सावली आणि गारवा. ऊन, सावली, ऊन, सावली. प्रत्येक वेळी ऊन आधीपेक्षा लाल.

भरतचं काही खरं नव्हतं. सायकल वळवळायला लागली होती. थांबून विचारलं तर कपाळावर गार घाम. एवढ्या चढाला सकाळपासून वरण-भात आणि थोडे पोहे. "पिकअपला हात करू," मी म्हणालो. तेवढ्यात एक पिकअप आला, पण तो कोंबड्यांनी भरलेला होता. त्याच्या मागून आलेल्याने हात हलवून आम्हाला शुभेच्छा दिल्या आणि निघून गेला.

अशा वेळी घळीच्या आत, वळणाच्या पोटात, एक उघडी टपरी दिसली. उघडी म्हणजे बाई बंद करत होती. चूल विझवलेली, भांडी पोत्यात भरलेली. राधानगरीकडची बाई, लुगडं खोचलेलं, आवाज खणखणीत.

"काय न्हाय आता पावणं. समदं संपलं."

मी भरतकडे बोट दाखवलं. तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पोत्यातून आपला डबा काढला. नाचणीची भाकरी, गुळाचा खडा आणि थोडी वाळकी चटणी. "माझी दुपारची ऱ्हायलीया. घे बाबा, खा."

भरतने भाकरी हातात घेतली. मग मान वर करून बघितलं. घळीत अंधारल्यासारखं झालं होतं. त्याने भाकरी परत केली.

"दिवस मावळला मावशी. मी खात न्हाय."

"मावळला?" बाई अशी बोलली की जणू त्याने तिच्या घरावर आळ घेतला. "मावळला कुठं? डोंगराआड गेलाय. ह्या घळीत चार वाजल्यापासनं असाच अंधार असतोय. त्या वरच्या वळणावर जाऊन बघ, अजून हाय."

मी गूळ-भाकरी घेतली, तिच्याच फडक्यात गुंडाळली आणि सायकलवर टांग टाकली. तीन वाट्या रस्सा पोटात घेऊन मी ते वळण कसं चढलो, माझं मला माहीत. वर पोचलो आणि पश्चिमेकडे बघितलं. कोकणावर धुरकट पट्टा होता. खाली डोंगरांच्या रांगा, त्यापलीकडे करडा ढग, आणि सूर्य कुठे नाही.

खालून भरतने हाक मारली, "हाय काय रं?"

हाय म्हणून टाकणं माझ्या हातात होतं. दिवसातून कितीदा तरी बोलतो मी खोटं, आणखी एक. तो खाईल, अंगात ताकद येईल, कोणालाच कळणार नाही. पण सकाळी ऐकलेला तो वडा आठवत होता, आणि दवाखान्याचं ते बाक. माझ्या खोट्याने त्याचा नियम मोडला आणि उद्या त्या घरात कोणाला साधा ताप आला, तरी मला ते जन्मभर खात राहिलं असतं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी मी घाबरलो.

आणि मग ढगाच्या खालच्या कडेतून सूर्य बाहेर पडला. लालभडक, चपटा, क्षितिजाला जवळजवळ टेकलेला. मी जीव तोडून ओरडलो, "हाय! हाय रं! ये लवकर!"

"खोटं बोलतोयस!" खालून उत्तर आलं.

"आईशप्पत!"

"तुझी शप्पत मला नको सांगू!"

आयुष्यात एकदा खरं बोललो आणि ही गत. "मग वर ये आन् बघ की, गाढवा!" मी ओरडलो. खालूनच बाईचाही आवाज आला, "जा की बाबा, त्यो काय थांबतोय तुझ्यासाठनं!"

भरत उठला. सायकलवर बसला. मी वरून बघत होतो. सायकल रस्त्याच्या ह्या कडेवरून त्या कडेला जात होती, पेडल फिरतंय का थांबलंय कळत नव्हतं. मी एक डोळा त्याच्यावर ठेवला आणि एक सूर्यावर. सूर्याचा खालचा काठ बुडाला. "दाब की, दाब!" ट्रॅक्टरवाल्याचं वाक्य माझ्या तोंडून निघालं. अर्धा बुडाला. भरत वळण फिरला, त्याच्या तोंडावर तांबडा उजेड पडला, आणि त्याने सायकल अक्षरशः माझ्या अंगावर टाकली. मी भाकरी पुढे केली. त्याने पश्चिमेकडे तोंड करून, उभ्याने, गूळ-भाकरी खायला सुरुवात केली. चावत होता आणि बघत होता. रेघ उरली. रेघही गेली. त्याच्या हातातली अर्धी भाकरी तिथेच थांबली.

तोंडातला घास गिळून त्याने उरलेली माझ्याकडे दिली. "खा. तुला कुठलं बंधन हाय."

मी खाल्ली. खोटं कशाला बोलू, नाचणीची भाकरी इतकी चांगली मी पूर्वी खाल्ली नव्हती. बाई पोतं डोक्यावर घेऊन वर आली, रिकामं फडकं मागून घेतलं, आणि खाली वाकून रस्त्यावर पडलेला गुळाचा कण उचलून मुंग्यांना लांब टाकला. "दाजीपूर जवळच हाय," म्हणाली. जवळ नव्हतं. पण अर्ध्या भाकरीवर भरत चढला, शेवटी शेवटी सायकल हातात धरून. विश्रामगृहात त्याने पाणी पिऊन भिंतीकडे तोंड केलं आणि घोरायला लागला. जेवायला चला म्हणून मला बोलवायला आले, तर मी नको म्हणालो. भूक होती.

घरी

तिसरा दिवस उताराचा. दाजीपूरच्या जंगलात गवे दिसतात म्हणे, आम्हाला फक्त त्यांचं शेण दिसलं. राधानगरीनंतर भोगावतीच्या काठाने रस्ता मोकळा झाला, गुऱ्हाळांचा वास यायला लागला आणि समोरून येणारे लोक पुन्हा रस्त्याच्या मधूनच येऊ लागले. आपलं गाव आलं की बरं वाटतं.

शोभावहिनी गाडी घेऊन माझ्या दुकानाशी थांबल्या होत्या, भरतला जयसिंगपूरला न्यायला. दुकानासमोर तीन गिऱ्हाइकंही थांबली होती, मोटरी मागायला. त्यांना मी उद्या संध्याकाळी बोलावलं.

"पोळ्या संपवल्या का वेळेत?" वहिनींनी विचारलं.

"संपल्या," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"ह्यांचं सूर्याचं नाटक घाटात पण चाललंच असंल न्हवं? लई कडक माणूस बघा भाऊजी. मी सांगून दमले, एवढं काय असतंय. मला बघा, मी रात्री दहाला पण आइस्क्रीम खाते. मला काय झालंय? ठणठणीत हाय की!"

भरतने सायकल गाडीच्या मागे बांधायला घेतली. दोरीची गाठ त्याला बसेना. मी गेलो आणि गाठ मारून दिली. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, वड्यापासून भाकरीपर्यंत.

"व्हय वहिनी," मी म्हणालो, "लईच कडक माणूस हाय."

हे लिहायच्या आधी मी भरतला फोन केला होता. नावं सगळी बदलली आहेत, दुकान बियाण्यांचं नाही आणि गावही जयसिंगपूर नाही. तेव्हा शोध घेऊ नये. आमच्या भागात दिवस मावळायच्या आत जेवून उठणारे नवरे गल्लीगल्लीत आहेत. त्यांच्या बायकांपैकी कोणाच्या हाती हे पडलं, तर आज संध्याकाळी ताट वाढताना उगाच त्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. त्याला ते आवडत नाही.